उभ्या गाड्यांचा मिस्त्री

साताऱ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक करड्या रंगाची गाडी गेले सात आठवडे उभी आहे. मालक मुलाकडं परदेशात गेलेत. जाताना त्यांनी गाडीवर प्लास्टिकचं चकचकीत कव्हर घातलं आणि हँडब्रेक चांगला कचकून ओढलाय हे मला कौतुकानं सांगितलं. पण लिफ्टकडं जाताना रोज त्या गाडीकडं नजर जाते आणि तिचं एव्हाना काय काय गेलं असेल ते मनात येत राहतं. आधी बॅटरी, मग ब्रेक, मग टायर. कव्हरखाली पाणी धरून पत्रा.

हे मला कॉलेजनं शिकवलेलं नाही. मी फिजिक्सची एम.एस्सी. आहे, पहिल्या वर्गातली. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. हे मी लपवत नाही, त्याचं रडगाणंही गात नाही. ती डिग्री मी कमावलीय आणि मला तिचा अभिमान आहे. पण गाडीबद्दल मला जे काही कळतं ते विट्याच्या हणमंतनाना मिस्त्रींमुळं.

विट्याला मी सहा वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते. तिथं एका सहकाऱ्याची जुनी लाल गाडी मी विकत घेतली. कवठे महांकाळकडच्या आमच्या गावातल्या घरापुढं उभं राहिलेलं आमचं पहिलं चारचाकी वाहन ते. मे महिन्याच्या सुट्टीत मी पाच आठवडे गावी गेले, गाडी विट्याला भाड्याच्या खोलीपुढं ठेवून. परत येऊन किल्ली फिरवली तर नुसतं टक्. शेजाऱ्यांनी नानांना बोलावलं.

नाना मोपेडवरून आले. साठीच्या पुढचा, काटकुळा माणूस. अंगात पांढराशुभ्र फुल शर्ट, पांढरा पायजमा. मला वाटलं, मिस्त्री आलेच नाहीत, त्यांचे कोणी पाहुणे आलेत. त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीवर बोट टेकवलं आणि विचारलं, मी काय शिकवते. फिजिक्स म्हटल्यावर विचारलं, बॅटरी नुसती ठेवली तरी उतरते हे पुस्तकात आहे का. मी म्हटलं, आहे, मी शिकवते ते.

"म्हंजी म्हाईत हुतं," नाना म्हणाले. "मग जाताना वायर का न्हाई काढली?"

वर्गात मी मुलांना असे प्रश्न विचारून गप्प बसवते, त्यामुळं राग आला तो स्वतःचाच आला. नानांनी तिथंच दाखवलं. पंधरा दिवसांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्हची वायर काढायची. दहा नंबरचा पाना आणि एक मिनिट, बस. हँडब्रेक ओढायचा नाही, ब्रेकची नाळ, म्हणजे ब्रेक-शू, ड्रमला चिकटून बसते. गिअरमध्ये टाकायची आणि चाकामागं दगड ठेवायचा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरायची. प्लास्टिकचं कव्हर नको, सुती चादर चालेल. एवढं सांगून त्यांनी गाडी चालू करून दिली आणि ती लगेच बंद न करता तासगाव रस्त्यानं वीस किलोमीटर पळवून आणा म्हणून फर्मावलं.

"पळणारी गाडी मला कवा त्रास देत न्हाई म्याडम," ते म्हणाले. "उभी ऱ्हायलेलीच देती."

हे ते सगळ्यांना सांगायचे, कारण त्यांचा सगळा धंदाच उभ्या गाड्यांवर होता.

विट्याकडची पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. लांबलांबच्या शहरांत त्यांची सोनं गाळून शुद्ध करायची दुकानं असतात. भट्टीपुढं उभं राहून कमावतात, गावाकडं बंगला बांधतात, बंगल्यापुढं गाडी आणून ठेवतात आणि वर्षातले अकरा महिने दोन्हींना कुलूप. यात्रेला, दिवाळीला, भावकीतल्या लग्नाला येतील तेवढीच गाडी फिरते. नाना म्हणायचे, या लोकांनी गाड्या चालवायला घेतलेल्या नाहीत, गावानं बघायला घेतल्यात. ते चेष्टेनं म्हणायचे नाहीत. माणूस बाहेर राबतो, त्याचं काहीतरी गावात उभं असावं असं त्याला वाटतं, यात हसण्यासारखं काय, असा त्यांचा सूर असायचा. अशा छत्तीस गाड्या त्यांच्याकडं सांभाळायला होत्या. विट्याबाहेर त्यांची पत्र्याची शेड होती. शेडमध्ये एक फळी, फळीवर छत्तीस खिळे, प्रत्येक खिळ्याला किल्ली आणि किल्लीला मालकाच्या गावाचं नाव खरडलेला पत्र्याचा तुकडा.

रोज सकाळी पाच-सहा किल्ल्या खिशात घालून नाना मोपेडवरून निघायचे. गावात जायचं, बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का बघायचं, आत ठेवलेली तंबाखूच्या पाल्याची पुरचुंडी बदलायची, पाणी-ऑईल बघायचं, मग गाडी रस्त्यावर काढायची. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवून बंद करणाऱ्यांवर त्यांचा फार राग. त्यानं बॅटरी भरत तर नाहीच, उलट इंजिन नीट तापायच्या आत बंद झाल्यानं सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून गंजतो. गाडी गरम होऊन पळाली पाहिजे, आठवड्यातनं एकदा तरी. सीटवर ते आधी धुतलेला टॉवेल अंथरायचे, मग बसायचे. गाणी लावायचे नाहीत. परत आल्यावर गाडी आधीपेक्षा हातभर पुढं किंवा मागं उभी करायचे, म्हणजे टायर एकाच जागी बसत नाही.

आणि मग मालकाला आवाज पाठवायचे.

हे मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. बॉनेट उघडं ठेवून, मोबाईल इंजिनजवळ धरून ते अर्धा मिनिट आवाज टेप करायचे. आधी गाडी नुसती चालू, मग जरा ॲक्सिलरेटर, शेवटी एक हॉर्न. तेवढा वेळ आजूबाजूला कुणी बोलायचं नाही. कोंबड्या असल्या तर त्या आधी हाकलायच्या. टेप झालं की कानाला लावून तीनदा ऐकायचे. बेल्ट वाजत नाही, टॅपेटचा आवाज नाही, अशी खात्री झाली की क्लिप पाठवायची. खाली काही लिहीत नसत. लिहिलेलं काय, कुणीपण लिहील, असं त्यांचं म्हणणं. सेलमला, विजयवाड्याला, कानपूरला भट्टीच्या धगीत उभा असलेला मालक आपल्या गावातल्या आपल्या गाडीचा आवाज ऐकायचा. एक शेठ म्हणे तो आवाज ऐकल्याशिवाय सकाळचा चहा घेत नसे.

त्यांच्या पांढऱ्या कपड्यांचं कोडं मला वर्षभरानं सुटलं. मी विचारलं नव्हतं. एकदा गाडीखालून बाहेर येऊन त्यांनी बाही माझ्यापुढं धरली. बाहीवर हिरवा थेंब होता. कूलंट गळतंय, ते म्हणाले. काळा डाग पडला तर इंजिन ऑईल, लाल पडला तर स्टिअरिंगचं, आणि नुसतं पाणी असेल तर एसीचं, त्याला भ्यायचं नाही. खाकी कपड्यावर सगळे डाग सारखेच. मला त्यांनी उपाय सांगितला तो आजही मी करते: महिन्यातनं एकदा गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी तो बघायचा. मात्र त्या पांढऱ्या कपड्यांपायी घरी काकू काय म्हणतात, हे विचारल्यावर ते म्हणाले, त्या बोलत नाहीत, नुसत्या आपटतात.

नाना शांत माणूस, पण गाडीच्या पूजेपुढं त्यांचा संयम सुटायचा. दसऱ्याला लोक इंजिनवर हळदीचं पाणी ओततात, ते वायरिंगच्या जोडात जातं. लिंबू टायरखाली ठेवतात, टायरमध्ये हवा नसते. एका यात्रेच्या दिवशी मी स्वतः पाहिलं. एका गलाईवाल्या शेठनं नवी गाडी पुढून पूर्ण झेंडूनं मढवली होती. जाळीपुढं हार, हारापुढं हार. देवळापर्यंत मिरवणूक, पुढं बँजो, गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीनं. निम्म्या वाटेत बॉनेटमधून वाफ. लोकांनी नानांना गाठलं. एकानं रेडिएटरचं झाकण उघडायला हात घातला, तेव्हा नाना पहिल्यांदा ओरडलेले मी ऐकले. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे तोंडावर उकळतं पाणी घेणं. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, एकेक हार काढून शेठच्याच गळ्यात घालायला सुरुवात केली आणि म्हणाले, "शेठ, नाकात कापूस घालून तुमी पळा बघू हिथनं देवळापत्तुर."

अर्ध्या तासानं, गार झाल्यावर झाकण काढलं. आत बोअरचं पाणी भरलेलं होतं. बोअरच्या पाण्यानं पातेल्याला जसा पांढरा थर बसतो तसा तो रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, हे त्यांनी तिथंच जमलेल्या सगळ्या गाववाल्यांना ऐकवलं. बँजोवाले थांबून ऐकत होते.

त्यांचा एक नियम होता. किल्ली ज्याच्या हातून घेतली त्याच्याच हातात द्यायची. एका शेठचा मेहुणा लग्नासाठी गाडी मागायला आला. नानांनी नाही म्हटलं. त्यानं दाजींना फोन लावून दिला. दाजी फोनवर द्या म्हणाले. नानांनी तरी दिली नाही. फोनवरचा आवाज तुमचाच आहे, पण किल्ली घ्यायला हात लागतो, तो घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. मेहुण्यानं शेडमध्ये बराच दंगा केला. नाना तेवढ्या वेळात माझ्या गाडीचे प्लग साफ करत होते. नंतर मला म्हणाले, "एक किल्ली वाकड्या वाटंनं गेली म्याडम, तर पस्तीस माणसं झोपायची न्हाईत."

म्हणून वच्छीआक्कांचं प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

विट्यापासून बारा किलोमीटरवरच्या एका गावात दोन भाऊ. थोरला बाळासाहेब सेलमला गलाईत. धाकटा तानाजी गावात शेती करून आईला सांभाळणारा. वच्छीआक्का म्हणजे त्यांची आई. वाटणीवरून दोघा भावांत चार वर्षं अबोला. बाळासाहेबाची मोठी पांढरी गाडी मात्र तानाजीच्याच दारात उभी असायची, कारण गेट असलेलं अंगण तेवढंच. किल्ली देताना बाळासाहेबानं नानांना बजावलं होतं, घरातल्या कुणाचा हात गाडीला लागता कामा नये. नानांनी मान्य केलं होतं.

एका मंगळवारी नाना त्या गाडीकडं गेले तेव्हा तानाजी आईला मोटरसायकलवर बसवत होता. तिला पाठीमागं बसवून त्यानं एक लांब उपरणं दोघांच्या कमरेभोवती गुंडाळलं आणि पोटावर गाठ मारली. नानांनी विचारलं, हे काय. तेव्हा कळलं की आक्कांच्या किडन्या गेल्यात, मंगळवारी आणि शुक्रवारी विट्याला डायलिसिस असतं. जाताना ठीक असते, येताना अंगात त्राण नसतं, एकदा चालत्या गाडीवरून कलंडली होती, म्हणून उपरणं. बाळासाहेबाला यातलं काही माहीत नव्हतं. आक्कांनीच बंदी घातली होती. तो तिकडं भट्टीपुढं असतो, ऐकलं तर सगळं टाकून येईल आणि दोघं माझ्यापुढ्यात भांडतील, असं त्यांचं म्हणणं. नानांकडूनही त्यांनी तसा शब्द घेतला.

नानांनी त्या आठवड्यापासून, त्यांच्या भाषेत सांगायचं तर, त्या गाडीचे वार बांधून टाकले. गाडी आठवड्यातून एकदा पळवायचीच होती. ती मंगळवारी पळवायची, आणि शुक्रवारीही. शुक्रवारचं पेट्रोल ते स्वतःचं भरायचे. किल्ली कुणाला दिली नाही, स्टिअरिंगला घरातल्या कुणाचा हात लागू दिला नाही. मागच्या सीटवर टॉवेल अंथरून आक्कांना बसवायचे आणि विट्याला दवाखान्यात सोडायचे. तानाजी त्या गाडीत कधी बसला नाही. तो मोटरसायकलवरून आधीच जाऊन नंबर लावायचा.

मला हे कळलं ते एका दुपारी. माझी गाडी शेडमध्ये होती. आक्कांना परत न्यायची वेळ, आणि त्यांना मळमळत होतं. नाना म्हणाले, "म्याडम, येळ आसंल तर मागं बसा. बाईमाणूस आसलेलं बरं." मी बसले. आक्का म्हणजे चिमणीएवढी बाई, डाव्या हातावर पट्टी. सगळा रस्ता त्यांनी डोळे मिटले होते. गाव जवळ आल्यावर त्यांनी नानांना विचारलं, "हणमंता, बाळाचा काय निरोप?" नाना म्हणाले, गाडीचा आवाज पोचला म्हणून अंगठा आलाय. त्यावर आक्का थोडं हसल्या. नंतर नानांच्या मोपेडवर मागं बसून मी विट्याला परत आले. वाटेत नानांनी सांगितलं, आक्का हा प्रश्न प्रत्येक खेपेला विचारतात.

यात्रेच्या दहा-बारा दिवस आधी नानांनी बाळासाहेबाला नेहमीसारखी क्लिप पाठवली. त्या क्लिपमध्ये इंजिनच्या आवाजावर एका बाईचा आवाज होता, "हणमंता, झालं का रं? चल की, उशीर हुतोय." बाळासाहेबानं आईचा आवाज ओळखला. त्यानं फोन केला नाही. यात्रेसाठी रविवारी गावी आला आणि घरी जायच्या आधी थेट शेडमध्ये आला. बरोबर आणखी तीन-चार गलाईवाले, आपापल्या किल्ल्या न्यायला आलेले. मी माझ्या गाडीच्या ब्रेकचा करकर आवाज दाखवायला तिथं गेले होते.

बाळासाहेबानं आधी ती क्लिप सगळ्यांपुढं वाजवून दाखवली, मग किल्ली मागितली. नानांनी खिळ्यावरून काढून दिली.

"गाडी किती फिरली मिस्त्री?"

"लय फिरली."

"कुणाला घिऊन?"

"आक्काला."

"कुठं?"

"इट्याला."

"कशाला?"

नानांनी हात पुसले. म्हणाले, "ते आक्काला इचारा."

बाळासाहेबाचा चेहरा उतरल्यासारखा झाला, मग तापला. तो सगळ्यांकडं वळून म्हणाला, "बघा. तान्यानं आयला पुढं केली अन् ह्यांनी माझ्या गाडीची वडाप केली." गावोगावी माणसं कोंबून नेणाऱ्या जीपला आमच्याकडं वडाप म्हणतात. मिस्त्रीला यापेक्षा वाईट शिवी नाही.

मला सगळं ठाऊक होतं. मी तोंड उघडलं. नाना माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्याडम, ऑईल तपासा म्हणलं हुतं न्हवं? गाडी गार हाय तवर बघून घ्या."

मी गाडीकडं गेले. ऑईलची पट्टी काढली, पुसली, परत घातली, परत काढली. ऑईल बरोबर दोन खुणांच्या मध्ये होतं. मी स्पष्ट बोलणारी म्हणून कॉलेजात ओळखली जाते, प्राचार्यांना तोंडावर बोललेली आहे. त्या दिवशी मी ती पट्टी हातात धरून उभी राहिले.

"चूक झाली," नाना बाळासाहेबाला म्हणाले. "उजव्या बाजूच्या पुढच्या टायरात हवा कमी वाटली मला. निघायच्या आधी बघा."

बाळासाहेब किल्ली घेऊन गेला. गलाईवाल्यांचा मोबाईलवर ग्रुप असतो. संध्याकाळपर्यंत सगळीकडं बोभाटा झाला. यात्रेसाठी आलेले नऊ जण दुसऱ्या दिवशी किल्ल्या घेऊन गेले आणि यात्रेनंतर परत देणार नाही असं सांगून गेले. जूनमध्ये माझी साताऱ्याला बदली झाली तोवर त्यांतल्या चार परत आल्या होत्या. बाकीच्यांचं पुढं काय झालं मला माहीत नाही. बाळासाहेबाची आली नाही. त्याचं कारण पुढं येईलच.

रविवारी सगळे गेल्यावर मी नानांना विचारलं की क्लिप तुम्ही प्रत्येक वेळी तीनदा ऐकता, ही न ऐकता कशी गेली.

"ऐकली हुती," नाना म्हणाले.

"मग तरी पाठवली?" मी विचारलं.

"मी शब्द दिल्ता, सांगनार न्हाई. मी काय सांगितलं?" ते माझ्या गाडीचं पुढचं चाक फिरवत म्हणाले. "आलीकडं तिला गाडीत चढवाय दोघं लागत्यात म्याडम. ती हाय तवर त्यानं यिऊन ऱ्हायला पायजे. किल्ल्या काय, येत्यात जात्यात." मग चाक थांबवून म्हणाले, "तुमची ब्रेकची नाळ घासून पत्र्याला आलीया. करकर आवाज आला की दुसऱ्या दिवशी यायचं आसतं, म्हैन्यानं न्हाई. मंगळवारी आना. तवर हळू चालवा."

त्यांच्या बोलण्यात पश्चात्ताप नव्हता आणि मोठेपणाही नव्हता. मला मात्र तेव्हा वाटलं की त्यांचा हिशेब फसला. आई मुलाला काहीतरी सांगून वेळ मारून नेईल, देवाला गेले होते म्हणेल; मुलगा दोन दिवस राहून निघून जाईल; आणि नानांच्या हातात रिकामे खिळे तेवढे उरतील.

मंगळवारी साडेनऊला मी गाडी घेऊन गेले. नानांनी पुढचं चाक काढलं होतं. रस्त्यावरून तानाजीची मोटरसायकल आली. आक्का पाठीमागं, डोक्यावरून पदर, दोघांच्या कमरेला उपरणं. तानाजी खड्डे चुकवत अगदी सावकाश चालवत होता. आणि त्याच्या मागं दहा-पंधरा हातांवर ती मोठी पांढरी गाडी, तितक्याच वेगानं. आत बाळासाहेब एकटा. बाकी सगळी सीटं रिकामी. मागून एक ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता, तरी त्यानं मोटरसायकलला ओलांडलं नाही.

अबोल्यामुळं त्यानं तानाजीला काही विचारलं नसणार, आणि आक्कांनी त्याला काही सांगितलंही नसणार. सकाळी आईला असं बांधून नेताना बघितलं आणि तो मागं निघाला, एवढं दिसत होतं.

नाना चाक हातात धरून उभे होते. दोन्ही गाड्या वळणापलीकडं गेल्यावर त्यांनी चाक भिंतीला टेकवलं आणि कामाला लागले. क्लचवर पाय टेकवून गाडी चालवायची माझी सवय कशी मोडावी याबद्दल त्यांनी बोलणं काढलं. मी ऐकलं.

ब्रेकचं काम दुपारपर्यंत चाललं. नळीचा एक जोड गळका निघाला, त्यामुळं नाना जॅकवर चढवलेल्या गाडीखाली गेले. आधी त्यांनी गाडीच्या सांगाड्याखाली लाकडी ठोकळे दिले. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरायचं नाही, हेही मला ऐकवलं. मी स्टुलावर पेपर तपासत बसले होते.

अडीच-पावणेतीनला पांढरी गाडी विट्याकडून परत आली. आक्का पुढच्या सीटवर, बाळासाहेबाशेजारी. सीट मागं पाडलेली, डोळे मिटलेले. मागून तानाजी मोटरसायकलवर एकटा, कमरेचं उपरणं खांद्यावर टाकलेलं. गाडी थांबली नाही. बाळासाहेबानं शेडकडं पाहिलं की नाही ते मी नीट सांगू शकत नाही. काचेवर ऊन होतं. पुढंही दर मंगळवारी-शुक्रवारी ती गाडी त्यानंच चालवली, म्हणून तिची किल्ली खिळ्यावर परत आली नाही.

मी गाडीखाली वाकून नानांना सांगितलं.

"आक्का कुठं बसलीया?" खालून आवाज आला.

"पुढं. ल्योकाच्या शेजारी."

"आन् तान्या?"

"मागं मोटरसायकलवर. दोघं मिळून गेले."

खाली पान्याचा आवाज थांबला. मग नाना म्हणाले, "चौथ्या गिअरात पळत हुती. आवाज आला मला." आणि थोड्या वेळानं, "चौदाचा पाना द्या."

मी पेटीतून शोधून चौदाचा पाना काढला. गाडीखालून त्यांचा हात बाहेर आला होता. त्या हातावर मी पाना ठेवला. बोटं लगेच मिटली नाहीत. पाना तसाच उघड्या तळव्यावर पेलत तो हात उन्हात थोडा वेळ राहिला, आणि मग आत गेला.